डिस्नेनगरींतल्या चार पहांटा

जत्रेला निघालेला मनुष्य तालमीचा विचार करीत नाहीं, आणि तालमींत उतरलेल्याला जत्रा वर्ज्य असते, असा आपला सामान्य समज आहे. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत ऑर्लँडो शहरानजीक मात्र दर जानेवारींत चार दिवस ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ह्या जगप्रसिद्ध क्रीडानगरींत भरणारा मॅरेथॉन शर्यतींचा हा सोहळा होय. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आतां अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. त्यांच्या बोलण्यांतून ह्या शर्यतीचा उल्लेख कानीं येतो; आणि ‘इतके पैसे खर्चून पाय दुखवून घ्यायला जावयाचें तरी कशाला?’ असा प्रश्न घरांतील वडील मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हा प्रकार काय आहे आणि त्याची तयारी कशी करावी लागते, हें पाहणें आवश्यक आहे.

स्थळ आणि शर्यती

वॉल्ट डिस्ने हे १९६६ सालीं निवर्तले. त्यांनीं योजिलेली ही नगरी १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लोकांस खुली झाली. तिचा विस्तार सुमारें २५,००० एकरांचा असून तींत चार स्वतंत्र उद्यानें आहेत: परीकथेंतील किल्ल्याचें मॅजिक किंगडम, देशोदेशींच्या दालनांचें एप्कॉट, चित्रपटसृष्टीचें हॉलिवूड स्टुडिओज आणि वन्य प्राण्यांचें अ‍ॅनिमल किंगडम. पहिली मॅरेथॉन येथें जानेवारी १९९४ मध्यें झाली. आतां तिच्याभोंवतीं चार दिवसांचा कार्यक्रम उभा राहिला आहे. गुरुवारीं ५ किलोमीटर, शुक्रवारीं १० किलोमीटर, शनिवारीं अर्धमॅरेथॉन म्हणजे सुमारें २१.१ किलोमीटर, आणि रविवारीं पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर.

शनिवार आणि रविवार अशा दोन्ही शर्यती पुऱ्या करणाऱ्यास ‘गूफी’चें आव्हान जिंकल्याचें पदक मिळतें. चारही दिवस धांवणाऱ्यासाठीं २०१४ पासून ‘डोपी’चें आव्हान आहे. डोपी म्हणजे ‘स्नो व्हाइट’ ह्या १९३७ च्या चित्रपटांतील सात बुटक्यांपैकीं मुका आणि भोळसर बुटका. चार दिवसांत ७८ किलोमीटर धांवणाऱ्याला त्याचें नांव द्यावें, हा आयोजकांचा विनोद मोठा मार्मिक आहे. अशा वीराच्या गळ्यांत सहा पदकें पडतात: चार शर्यतींचीं चार, गूफीचें एक आणि डोपीचें एक. येथें येणारा बहुसंख्य समाज शिक्षक, कारकून, डॉक्टर आणि गृहिणी अशा सामान्य माणसांचा असतो. पहिलें यावें, ही त्यांची इच्छाच नसते. शेवटची रेषा आपल्या पायांनीं ओलांडावी, एवढीच असते.

दहा मिनिटांचा नियम

परंतु ती रेषा ओलांडणें सर्वस्वीं आपल्या मर्जीवर नसतें. प्रत्येकानें एक मैल अंतर १६ मिनिटांच्या आंत कापावें, असा नियम आहे. आपल्या मापानें हा हिशेब किलोमीटरला जवळजवळ १० मिनिटांचा होतो. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सात तास. धांवपटूंना तुकड्यातुकड्यांनीं सोडतात, आणि अगदीं शेवटच्या तुकडीबरोबर ह्याच गतीनें चालणाऱ्या कांहीं स्त्रिया निघतात. त्यांच्याजवळ फुगे बांधलेले असल्यानें त्यांस ‘फुगेवाल्या’ म्हणतात. ह्या फुगेवाल्यांच्या मागें जो पडला, त्याला सोबतच्या बसमध्यें बसवून शेवटच्या ठिकाणीं नेण्यांत येतें. सहा महिने तालीम केलेल्या माणसास त्या बसची पायरी किती उंच वाटत असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें थोडें गणित उपयोगीं पडतें. आपण सहज फिरावयास जातों तेव्हां तासाला पांच किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १२ मिनिटें, ह्या वेगानें चालतों. तेवढ्यानें फुगेवाल्या आपणांस गांठणार, हें निश्चित. तासाला सहा किलोमीटर ह्या झपाट्यानें चालल्यास आपण त्यांच्या बरोबरीनें राहतों, परंतु पाणी पिण्यास थांबण्याचीहि सवड उरत नाहीं. म्हणून थोडें धांवणें आलेंच. मात्र पूर्ण वेळ धांवण्याची गरज नाहीं, आणि सामान्य माणसाची आशा नेमकी येथेंच आहे.

सहा महिन्यांची तालीम

म्यूनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेतर्फे १०,००० मीटर धांवलेले जेफ गॅलोवे ह्यांनीं धांवणें आणि चालणें आळीपाळीनें करण्याची पद्धत लोकप्रिय केली. डिस्नेच्या शर्यतींसाठीं त्यांनीं वेळापत्रकेंहि तयार केलीं. ह्या पद्धतीचें मर्म असें, कीं दमल्यावर चालावयाचें नाहीं, तर दमण्यापूर्वीं, अगदीं पहिल्या मिनिटापासून, ठरलेल्या वेळीं चालावयाचें. समजा, एक मिनिट तासाला नऊ किलोमीटर वेगानें धांवलें आणि एक मिनिट सहा किलोमीटर वेगानें चाललें. दोन मिनिटांत २५० मीटर होतात. म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटें. प्रत्येक किलोमीटरला दोन मिनिटें वांचलीं, कीं ४२ किलोमीटरांत ८४ मिनिटांची शिल्लक पडते. वाटेंत पाणी प्यावें, शौचकूपापुढील रांगेंत उभें राहावें, मिकी उंदराच्या सोंगाशेजारीं उभें राहून छायाचित्र काढवावें, हा सारा खर्च ह्या शिलकेंतून भागतो.

ही शिल्लक सांठविण्यास सहा महिने कां लागतात? धांवूं लागल्यावर थोड्याच आठवड्यांत दम टिकूं लागतो. हृदय आणि फुफ्फुसें लवकर सरावतात. परंतु हाडें आणि स्नायुबंध फार सावकाश बळकट होतात. श्वास पुरतो म्हणून मनुष्य अंतर वाढवीत जातो आणि गुडघा किंवा टांच नेमकी त्याच वेळीं दगा देते. यास्तव आठवड्यांतून तीनच दिवस धांवावें: दोन दिवस अर्धा-पाऊण तास, आणि सुटीच्या दिवशीं लांबचा पल्ला. हा पल्ला पांच किलोमीटरांपासून आरंभून दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवावा. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास तो मुद्दाम कमी करावा. शर्यतीपूर्वीं तीन आठवडे तो तीस-बत्तीस किलोमीटरांवर न्यावा आणि मग उतरवीत आणावा. गति इतकी मंद असावी, कीं सोबत्याशीं पुरीं वाक्यें बोलतां यावींत. मधल्या दिवशीं बैठका आणि सूर्यनमस्कार घालावेत. त्यांनीं मांड्या आणि कंबर घट्ट होते. परंतु सूर्यनमस्कार घालणाऱ्यास वेगळें धांवावयास नको, असें समजूं नये. जमिनीवर आपटणाऱ्या पावलाचा भार सोसण्याची संवय धांवण्यानेंच होते.

चार दिवसांचें आव्हान घेणाऱ्यानें आणखी एक गोष्ट साधावी लागते. आपल्या वारकऱ्यांस ती ठाऊक आहे. आळंदीहून निघालेल्या माणसाची परीक्षा पहिल्या मुक्कामाला होत नाहीं. कालचे दुखरे पाय घेऊन तो आज पुन्हां वाटेला लागतो, तेव्हां ती होते. म्हणून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत कधीं कधीं लागोपाठच्या दिवशीं चालण्या-धांवण्याचा सराव ठेवावा. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांची तालीम ऐन पावसाळ्यांत सुरू होते, हेंहि ध्यानांत ठेवावें. ओले मोजे आणि ओला जोडा ह्यांनीं पायांस फोड येतात. जोड्यांच्या दोन जोड्या ठेवाव्यात आणि घांसणाऱ्या जागीं व्हॅसलीन लावावें. नवा कोरा जोडा शर्यतीच्या दिवशीं कदापि घालूं नये.

आहार, पाणी आणि प्रकृति

चाळिशी ओलांडलेल्यांनीं आरंभापूर्वीं वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनीं रक्तांतील हिमोग्लोबिन अवश्य पाहावें. आपल्याकडील पुष्कळ गृहिणींना पंडुरोग असतो आणि त्या तो ‘जरासा थकवा’ म्हणून अंगावर काढतात. धांवतांना छातींत दुखलें, घेरी आली किंवा विलक्षण धाप लागली, तर तत्क्षणीं थांबावें. तेथें जिद्दीचा प्रश्न नाहीं.

पाण्याविषयीं एक गैरसमज फार घातक आहे. पाणी कमी पडलें तर अपाय होतो, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तहान नसतां पांच-सहा तास भरमसाट पाणी पीत राहिल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून मेंदूला सूज येऊं शकते, आणि मॅरेथॉनमध्यें अशा कारणानें मृत्यूहि घडले आहेत. सावकाश धांवणाऱ्यांस हा धोका अधिक, कारण त्यांना पिण्यास वेळ अधिक मिळतो. म्हणून तहानेप्रमाणें प्यावें आणि लांबच्या पल्ल्यांत मीठ-साखर पोटांत जाईल असें पाहावें.

खाण्याचें म्हणाल, तर परदेशी सुकामेवा आणि गोड लेह हेंच एक साधन नव्हे. खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे हीं बरोबर नेण्यास सोयीचीं आहेत. आदल्या दिवशीं साधा वरणभात पोटभर, पण रात्रीं लवकर घ्यावा. जें खाऊन तालमींत त्रास झाला नाहीं, तेंच शर्यतींत खावें. एकादशी किंवा चतुर्थी त्याच सुमारास आली, तर उपवासाचें काय करावयाचें, हें घरींच आधीं ठरवावें. रिकाम्या पोटीं बेचाळीस किलोमीटर जाणें शहाणपणाचें नाहीं.

प्रत्यक्ष ते चार दिवस

प्रवेशपत्रें शर्यतीपूर्वीं कित्येक महिने विकलीं जातात आणि लवकर संपतात. पूर्वीच्या एखाद्या मान्य शर्यतींतील आपल्या वेळेचा पुरावा सादर केल्यास पुढील तुकडींत स्थान मिळूं शकतें. ह्या गोष्टीकडे दुर्लक्ष करूं नये. कारण फुगेवाल्या सर्वांच्या शेवटीं निघतात, आणि जितकें पुढें उभें राहाल, तितकीं मिनिटें हातांत अधिक. छातीवर लावावयाचा क्रमांक मात्र प्रत्येकानें ओळखपत्र दाखवून स्वतःच आणावा लागतो.

शर्यती पहांटे पांच वाजतां सुटतात. तत्पूर्वीं बसनें जाऊन जागेवर उभें राहावयाचें, म्हणजे अडीचच्या सुमारास उठणें आलें, आणि तेंहि डोपी घेतलेल्यानें चार दिवस लागोपाठ. भारतांतून नुकत्याच आलेल्या माणसास ह्यांत एक अनपेक्षित सोय आहे. तेथील वेळ जानेवारींत आपल्यापेक्षां साडेदहा तास मागें असते. तेथें पहांटेचे अडीच वाजतात, तेव्हां पुण्यांत दुपारचा एक झालेला असतो. त्याला उठण्याचे श्रम पडत नाहींत. पेंग येते ती दुपारीं. तरीहि लांबच्या विमानप्रवासानें पाय सुजतात, म्हणून चार-पांच दिवस आधीं पोंचणें बरें.

हवा बेभरवंशाची असते. एखादे वर्षीं अंग काकडवणारी थंडी, तर एखादे वर्षीं दमट उकाडा. आरंभीं उभें राहतांना जुना स्वेटर घालावा आणि ऊब आल्यावर तो खुशाल सोडून द्यावा. २०१७ सालीं विजांच्या भयानें अर्धमॅरेथॉन ऐन वेळीं रद्द करावी लागली. एवढी तयारी करूनहि कांहीं गोष्टी आपल्या हातीं नसतात, हें मनाशीं धरूनच जावें.

सर्वांत मोठा मोह मात्र उद्यानांचाच. मुलेंबाळें बरोबर असतात, प्रवेशाचे पैसे भरलेले असतात, आणि मनुष्य शनिवारीं दुपारीं दहा-पंधरा किलोमीटर सहज पायपीट करून बसतो. रविवारीं त्याचे पाय त्याची आठवण देतात. म्हणून पाळणे, झोंके आणि मिरवणुकी रविवारच्या शर्यतीनंतरच्या दिवसांसाठीं राखाव्यात. घरच्यांनीं कोठें उभें राहावें आणि शेवटीं कोणत्या खुणेपाशीं भेटावें, हेंहि आधीं लिहून ठेवावें. हजारों माणसांच्या गर्दींत भ्रमणध्वनीचा भरंवसा नसतो.

धांव सर्व वेळ रम्य असते, असेंहि नाहीं. उद्यानांतील वाट थोडी. पुष्कळसें अंतर त्यांना जोडणाऱ्या रुक्ष हमरस्त्यावरच जातें. पण अंधारांतून वळण घेतांच दिव्यांनीं झळकणारा सिंड्रेलाचा किल्ला समोर येतो आणि धांवणारी रांग त्याच्या पोटांतून पलीकडे निघते, तेव्हां प्रौढ माणसेंहि आनंदानें ओरडतात, असें सांगतात.

मग लाभ कोणता?

आतां वडील मंडळींच्या प्रश्नाकडे वळूं. खर्च मोठा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. कर्ज काढून करण्यासारखी ही गोष्ट खास नव्हे. परंतु मोल पदकाचें नाहीं. १९८० पर्यंत ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची सर्वांत लांब धांव १५०० मीटरांची होती. त्यांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें झाली. ज्या पिढीच्या मुलींना ‘धांवूं नकोस, पडशील’ असें सांगण्यांत आलें, त्याच आज पन्नाशी-साठींत आहेत. आपल्या शरीराकडून आपणच कांहीं मागावें आणि त्यानें तें द्यावें, हा अनुभव त्यांतील कित्येकींना आयुष्यांत प्रथमच येतो. त्या दिवशीं बसमध्यें बसावें लागलें, तरी सहा महिन्यांत कमावलेलें बळ कोणी काढून घेत नाहीं.

आणि ह्यासाठीं फ्लॉरिडासच गेलें पाहिजे, असेंहि नाहीं. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून भरते, हल्लीं तीहि जानेवारींतच असते, आणि तींत छोटे पल्लेहि असतात. ज्या घरांतून कोणी डिस्नेनगरीस निघालें असेल, तेथील वडिलांनीं पाय दुखण्याची चिंता अवश्य करावी. पण सुटीच्या दिवशीं पहांटे तालमीस निघणाऱ्या सुनेसाठीं एक दिवस चहाचें आधण आपण ठेवावें. शर्यतीच्या तयारींतील तो फार मोठा भाग आहे.