शिसपेन्सिल आणि मानवाकृती

शिसपेन्सिल हे चित्रकाराचे सर्वांत स्वस्त साधन. परंतु मानवाकृती रेखाटताना तिच्याइतकी कठोर परीक्षा दुसरे कोणतेही साधन घेत नाही. रंगाची भूल तेथे नसते. नवशिका प्रथम डोळे काढतो. डोळे सुरेख साधतात, माणूस मात्र हरवतो. जाणता चित्रकार आधी उभे राहण्याची ढब पाहतो : शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, खांदे कोणीकडे कलले आहेत, मान किती वळली आहे. हलक्या रेषांनी ही ठेवण साधली, की मग छायाप्रकाश. चुकलेली फिकट रेषा तो लगेच खोडीत नाही; तिच्याशी ताडूनच पुढची रेषा सुधारते.

कर्नाटकातील कारकळला १९५६ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले वासुदेव कामत हे या परंपरेतील आजचे नामवंत चित्रकार. त्यांनी रंगविलेल्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार लाभला. असे सादृश्य रंगांच्या आधी रेखाटनातच पक्के व्हावे लागते.

मुंबईच्या लोकलमध्ये डुलकी घेणारा प्रवासी असो, की बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात बसची वाट पाहणारी कामकरी स्त्री असो, दोन मिनिटांत ती व्यक्ती निघून जाणार. छायाचित्र क्षणात मिळते. माणूस नीट पाहण्याची सवय मात्र पेन्सिलच लावते.