धनुष्य हातात आहे, पण शिकार करता येते का?

मागच्या व्याख्यानानंतर अलिबागकडच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तो रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने एल्कची शिकार करतो. मग आपल्याकडे सांबराची किंवा रानडुकराची तशी परवानगी का मिळत नाही?" आज आपण याच प्रश्नाचं उत्तर बघू. कारण नियम नीट माहीत नसला की आपल्या भागात माणूस थेट तुरुंगात जाऊ शकतो.

आधी भाच्याचं बघू. एल्क हा हरणाच्या कुळातला, आपल्या सांबराचा लांबचा भाऊबंद, पण त्याहून थोराड. तिथे परवाना म्हणजे "जा आणि मारा" नव्हे. कोणता प्राणी, नर की मादी, कोणत्या भागात, कोणत्या दिवसांत आणि कोणत्या हत्याराने, हे सगळं ठरलेलं असतं. धनुष्यवाल्यांचा हंगाम मुख्यतः सप्टेंबरचा, एल्कच्या माजाचा काळ. किती परवाने द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन ठरवतं. म्हणून नियोजनाची सुरुवात नियमपुस्तिकेपासून होते. मग नकाशा, मग वाऱ्याची दिशा, कारण बाणाला जवळून नेम धरावा लागतो आणि वास गेला की जनावर पळालं. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हाही तिथे गुन्हा आहे.

आता आपल्याकडे येऊ. मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं फणसाडचं जंगल आपण जाणतोच. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे शिकारीचं राखीव रान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, आणि १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य झालं. पण मधल्या काळात शिकार बंद नव्हती बरं का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. खास शिकार, मोठी शिकार, लहान शिकार असे त्याचे प्रकार होते, आणि सांबर 'मोठ्या शिकारी'त मोडायचं.

गंमत म्हणजे त्या काळीही भाच्यासारखं धनुष्याने सांबर मारता आलं नसतं. कलम १७ प्रमाणे मोठ्या शिकारीला रायफलच लागायची, फार तर खास परवानगीने एका गोळीची बंदूक. रात्री शिकार नाही, गाडीतून नाही, पाणवठ्यावर दबा धरून नाही. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेच गेले. म्हणजे तिथे दार हंगामापुरतं उघडतं, आपल्याकडे ते बंद केलेलं आहे.

आजचा कायदा 'शिकार' कशाला म्हणतो, हे लक्षात ठेवा. नुसतं मारणं नव्हे. फासकी लावणं, विष घालणं, हाकारा करणं, आमिष दाखवणं, जखमी करणं, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत तर धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेला आहे. त्यामुळे परवानगीशिवाय धनुष्य घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणं हाच गुन्हा. अभयारण्यात शिकार केली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड.

मग शेतकऱ्याने काय करायचं? रात्रभरात डुकरं भाताचा किंवा वालाचा तुकडा उकरून टाकतात, तेव्हा ही कलमं ऐकून पोट भरत नाही. हे आम्हालाही कळतं. म्हणूनच बंद दाराला एक छोटी खिडकी आहे: कलम ११. उभ्या पिकाला धोका झालेल्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबत अधिकारी कारण नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुकरापुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली दिलेला आहे. पण लेखी म्हणजे लेखी. "साहेब हो म्हणाले" चालत नाही. आणि त्या आदेशाने मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्याची वाटणी घरी नेता येत नाही.

दुसरी वाट नुकसानभरपाईची. नुकसान दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्या, फोटो काढून ठेवा, सातबारा जवळ ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत ते शेत नांगरू नका. रक्कम नेहमी पुरेशी वाटते असं नाही. पण नोंदच नसेल तर गावाचं नुकसान कागदावर शून्य राहतं.

आणि एक कळकळीची विनंती. कुंपणाच्या तारेत करंट सोडू नका, गावठी बॉम्ब ठेवू नका. तार डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी त्याच बांधावरून जातो.

राहिला प्रश्न धनुष्याचा. भाचा बहुधा ज्या कंपाउंड धनुष्याने शिकार करत असेल, त्याच प्रकारच्या धनुष्याने नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. नेम धरायची हौस असेल तर मैदान मोकळं आहे.

आणि रानात दबा धरून बसायची हौस असेल, तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याकडे नाव नोंदवून फणसाडच्या पाणवठ्यावर मचाणावर बसा. वारा बघावा लागतो, श्वास धरावा लागतो, भाच्याला लागतं ते सगळं लागतं. सांबर पाणी पिऊन जातं, आणि आपण वहीत एक रेघ ओढतो.

प्रश्न असतील तर विचारा.