वजाबाकीतून आलेला आकडा

पिवळ्या झाकणाच्या ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून बाहेर आल्या. बहुतेकींत वरच्या भागात गवताच्या काडीच्या रंगाचं नितळ सिरम तरंगत होतं. एकीत मात्र पातळ ताकासारखं पांढुरकं काहीतरी दिसत होतं. "हा लायपेमिक, चरबीने गढुळलेला," टेक्निशियन ताई म्हणाल्या आणि ती ट्यूब स्टँडच्या कडेला ठेवली. "उपाशीपोटी आले होते का, ते फोन करून विचारते."

गावातल्या या छोट्या लॅबमध्ये मी तीन सकाळी बसलो, त्याला कारण माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ७० च्या आतच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या रिपोर्टात ते ६० आलं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनींनी तर तो कागद देवापुढे ठेवला. त्या ६० आकड्याचा उगम मला बघायचा होता.

ताईंनी ट्यूब अनॅलायझरच्या चकतीत बसवल्या. बारीक सुई खाली उतरते, सिरमचे काही मायक्रोलिटर उचलते, रिएजंटमध्ये सोडते. एन्झाइमची क्रिया होऊन गुलाबी रंग धरतो. रंग जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल जास्त. ट्रायग्लिसराइडही असंच मोजतात, फक्त एन्झाइम वेगळी. एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, मोजायचं रिएजंट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या बाकीच्या कणांना क्रियेपासून दूर ठेवतं. पडद्यावर एकामागून एक तीन आकडे उमटले. मी चौथ्याची वाट बघत राहिलो.

"एलडीएल?"

"ते मशीन नाही मोजत. सॉफ्टवेअर काढतं."

ताईंनी रजिस्टरच्या मागच्या पानावर भावाचेच आकडे मांडून दाखवले. एकूण कोलेस्टेरॉल १५०. त्यातून एचडीएल ३२ वजा, उरले ११८. ट्रायग्लिसराइड २९०, भागिले ५, म्हणजे ५८. हे व्हीएलडीएलमधलं, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांमधलं, कोलेस्टेरॉल धरायचं. ११८ मधून ५८ गेले, ६० राहिले. ज्या आकड्यावर आमचं घर निर्धास्त झालं होतं, तो कुणी मोजलेलाच नव्हता.

हे सूत्र १९७२ सालचं. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तीन अमेरिकी संशोधकांनी ४४८ जणांच्या तपासण्यांवरून ते मांडलं. तोवर एलडीएल वेगळं काढायला अतिशय वेगाने तासन्‌तास फिरणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागायचा, आणि तो मोजक्याच संशोधनसंस्थांकडे असे. या साध्या वजाबाकीने तीच गोष्ट तालुक्याच्या लॅबपर्यंत आणली. हे उपकार फार मोठे आहेत आणि ते मी मनापासून मानतो.

सगळी गोम आहे त्या ५ मध्ये. उपाशीपोटी, ट्रायग्लिसराइड बेताचं असताना, व्हीएलडीएलच्या कणांत पाच भाग ट्रायग्लिसराइडमागे साधारण एक भाग कोलेस्टेरॉल असतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की कण त्यानेच भरतात आणि हे प्रमाण बिघडतं. पाचाने भागून आपण गरजेपेक्षा जास्त वजा करतो, म्हणून एलडीएल खोटंच कमी दिसतं. ४०० च्या वर हे सूत्र वापरू नये, हे कर्त्यांनीच सांगून ठेवलं होतं. लॅबचं सॉफ्टवेअर तिथे रकाना कोरा सोडतं. पण २०० ते ४०० च्या पट्ट्यात आकडा बिनबोभाट छापला जातो. शिवाय कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन औषध बाजारात आलं १९८७ साली. सूत्र बांधलं तेव्हा औषधाने एलडीएल ६० वर आणलेले रुग्ण नव्हतेच. १३० मध्ये दहाची चूक खपून जाते, ६० मध्ये ती उपचाराची दिशा बदलते. आपल्याकडे तर एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त ही जोडी घरोघरी आढळते.

सुधारणा झाल्या आहेत. २०१३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी साडेतेरा लाख नमुने तपासून एकच ५ न धरता रुग्णागणिक बदलणारा भाजक दिला. २०२० साली सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालणारं सूत्र मांडलं. त्यात भावाचे तेच तीन आकडे मी कॅल्क्युलेटरवर घातले. उत्तर आलं ७१. रक्त तेच, ट्यूब तीच.

थेट एलडीएल मोजणारी चाचणीही आहे. पण ट्रायग्लिसराइड फार वाढलं की तीही डळमळते.

मी रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी ६० कडे फार पाहिलंच नाही. ११८ वर बोट ठेवलं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर उरतं ते नॉन-एचडीएल. त्यात पाचाचा अंदाज येत नाही आणि जेवणाने फारसा फरकही पडत नाही. एलडीएल ७० च्या आत हवं असेल, तर हे १०० च्या आत हवं. भावाचं १८ ने जास्त होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, रात्रीचा भात निम्मा करायला सांगितला.

तुमच्या घरात कुणाला हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर रिपोर्ट हातात घेताना आधी ट्रायग्लिसराइडची ओळ वाचा. ती १५० च्या बरीच वर असेल, तर एलडीएल मोजलंय की काढलंय हे लॅबला विचारा, आणि नॉन-एचडीएलचा आकडा स्वतः मांडून डॉक्टरांपुढे ठेवा.