ओरडेल तो सापडेल

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या काकांच्या गाडीत कधी बसलात, तर पुढच्या काचेवर आरशाजवळ तळहातात मावेल एवढी एक काळी डबी चिकटवलेली दिसेल. मैलच्या मैल ती मुकाट असते. मग एकदम टिक... टिक... टिक करू लागते, तिच्यावरचे दिवे लुकलुकतात आणि काकांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून अलगद उठतो. पुढच्या वळणावर झाडाआड पोलिसांची गाडी उभी असते. काका अगदी साळसूद चेहऱ्याने तिच्यासमोरून जातात.

या डबीचं नाव रडार डिटेक्टर. तिला डोळे नाहीत, वळणापलीकडचं दिसण्याचा प्रश्नच नाही. मग पुढे पोलीस आहेत हे तिला कळलं कसं? कारण पोलीस ओरडत होते! तोंडाने नव्हे, हातातल्या स्पीड गनने.

स्पीड गन रेडिओलहरी सोडते. अमेरिकी पोलिसांच्या बऱ्याच गन सेकंदाला २४१५ कोटी कंपनं होतील अशा लहरी सोडतात. एका लहरीची लांबी जेमतेम सव्वा सेंटीमीटर. ही लहर जाऊन गाडीच्या पत्र्यावर आपटते आणि परत फिरते. गाडी उभी असेल तर जशी गेली तशीच परत येते. पण गाडी समोरून धावत येत असेल तर परतणाऱ्या लहरी जरा दाटीवाटीने येतात, म्हणजे त्यांची सेकंदाला होणारी कंपनं वाढतात.

हे गणित ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ साली प्रागमध्ये मांडलं. त्याच्या डोक्यात मोटारी असणं शक्यच नव्हतं, त्या जन्मालाच आल्या नव्हत्या. तो विचार करत होता ताऱ्यांच्या रंगांचा. रंगांबद्दलचा त्याचा अंदाज फसला, पण मूळ कल्पना पक्की निघाली. तीन वर्षांनी हॉलंडमधल्या बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने ती तपासायची ठरवली. त्याने काय केलं माहीत आहे? उट्रेक्टजवळच्या रुळांवर उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले, इंजिन भरधाव सोडलं आणि रुळांच्या कडेला सुरांचा पक्का कान असलेली माणसं उभी केली. तुतारीवाले एकच सूर धरून वाजवत होते. कडेच्या मंडळींना मात्र तो गाडी जवळ येताना चढा ऐकू आला आणि लांब जाताना उतरलेला! विज्ञानाच्या इतिहासात इतका वाजतगाजत झालेला प्रयोग दुसरा नसावा.

आता स्पीड गनकडे परत. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी येत असेल तर परत आलेल्या लहरीची कंपनं किती वाढतात? २४१५ कोटींमध्ये फक्त ४४७० ची भर! एवढासा फरक मोजायचा कसा? गनमध्ये एक झकास युक्ती असते. गेलेली लहर आणि परत आलेली लहर ती एकमेकींत मिसळते. मग कोटींचा सगळा पसारा बाजूला पडतो आणि उरतो फक्त फरक. सेकंदाला ४४७० कंपनं म्हणजे काय? चक्क कानाला ऐकू येणारा सूर, पियानोच्या शेवटच्या पट्टीहून थोडा वरचा. गनला स्पीकर असेल तर पोलीस गाडीचा वेग अक्षरशः ऐकतात. आणि गन नीट चालते का हे तपासायला त्यांच्याकडे काय असतं? शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा! तो ठोकून गनसमोर धरायचा. काट्याची पाती इतक्या भराभर पुढेमागे होतात की गनला वाटतं, आली मोटार. सेकंदाला ४४७० कंपनं करणारा काटा धरला तर पडद्यावर ताशी १०० किलोमीटर हा आकडा झळकेल. काटा मात्र हातातच!

मग काकांच्या डबीला हे सगळं आधीच कसं कळतं? गनला वेग कळायला लहरीने दोन प्रवास करावे लागतात, गाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत ती पसरत पसरत विरळ होते. अंतर दुप्पट झालं की गाडीपाशी पोचणारी लहर चौथाई उरते. ती चौथाई परत फिरते आणि परतीच्या वाटेवर पुन्हा विरळ होते. म्हणजे गनच्या हाती येतो सोळावा हिस्सा. अंतर दहापट करून बघा. जाणारी लहर शंभरावा हिस्सा उरते, परत आलेली दहा हजारावा. डबीला परतीशी काही देणंघेणं नाही. तिचं काम एकाच प्रवासात होतं. म्हणून मोकळ्या, सपाट रस्त्यावर चांगल्या डबीला गनची चाहूल काही किलोमीटरवरून लागते आणि गनला त्या वेळी गाडीचा पत्ताही नसतो. ज्याने हाक मारली त्याला उत्तर ऐकू येण्याच्या कितीतरी आधी ती हाक भलत्याच्याच कानावर गेलेली असते. बाकी सगळ्या करामती मला यापुढे फिक्या वाटतात.

अशा डब्या अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात खपू लागल्या. दुकानात गेलात तर विक्रेता लांब पल्ल्याच्या गप्पा मारेल, पण लांबचं ऐकणं हा अर्धाच गुण झाला. खरा गुण नको ते न ऐकण्याचा. कारण त्याच लहरी वापरणारे इतरही बरेच जण असतात. मोठ्या दुकानाचं आपोआप उघडणारं दार घ्या. माणूस आला की नाही हे बघायला ते छोटंसं रडारच वापरतं. शेजारून जाणाऱ्या एखाद्या नव्या मोटारीतही, मागून कोणी येतंय का हे सांगणारं रडार असतं. स्वस्तातली डबी या सगळ्यांना पोलीस समजून बोंब मारते. दिवसभर लांडगा आला रे आला! तिसऱ्या दिवशी काका तिच्याकडे लक्षच देत नाहीत, आणि चौथ्या दिवशी दंड भरतात. म्हणून चांगल्या डबीत जीपीएस असतं. अमुक चौकातल्या अमुक दुकानाचं दार रोज बोलतं, हे ती लक्षात ठेवते आणि तिथे गप्प राहते. काहींना पुढचा आणि मागचा असे दोन कान असतात. आवाज कुठून आला ते बाणाने दाखवतात. डबी बसवायची ती उंचावर, काचेतून पुढचा रस्ता सरळ दिसेल अशी. काचेवर धातूचा पातळ मुलामा असेल तर मात्र लहरी बाहेरच अडतात आणि महागडी डबी ठार बहिरी होते.

पोलीस हातावर हात धरून बसले असतील असं वाटतं का? त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सतत ओरडणं बंद केलं. गन गप्प ठेवायची, गाडी टप्प्यात आली की क्षणभरच चालू करायची. पुढे दुसरी गाडी असेल तर तिच्यावर रोखलेल्या लहरीतून सावध होता येतं. रस्त्यावर एकटेच असाल तर डबी वाजेपर्यंत वेग मोजून झालेलाही असतो. पुढची चाल लेझरची. लेझर गन रेडिओलहरींऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे झटके सोडते आणि ते किती वेळात परतले यावरून अंतर काढते. अंतर किती झपाट्याने कमी होतंय, यावरून वेग. तिचा झोत ३०० मीटरवरही जेमतेम एक मीटर रुंद असतो, त्यामुळे इकडेतिकडे सांडतच नाही. जे सांडत नाही ते चोरून ऐकणार कसं? आपल्या महाराष्ट्रातल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमध्येही लेझरच्या गन असतात. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सरासरी वेग काढणारे कॅमेरे आहेत, ते तर काहीच ओरडत नाहीत. इथे गाडीचा नंबर टिपला, तिथे टिपला, मधल्या अंतराला वेळेने भागलं. चौथीतलं गणित! त्याच्यापुढे सगळ्या डब्या गारद.

पण सगळ्यात भारी गोष्ट व्हर्जिनियाची. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साध्या मोटारीत ही डबी चालते, व्हर्जिनियात मात्र बंदी आहे. राज्याच्या सीमेवर तशा पाट्याच आहेत. न्यू जर्सीहून निघालेल्या काकांना तिथे पोचण्याआधी डबी काढून डिकीत टाकावी लागते. नाही टाकली तर? नुसतं ऐकणाऱ्याला कोण पकडणार, असं तुम्ही म्हणाल. पण डबी नुसती ऐकत नाही. सेकंदाला कोट्यवधी कंपनं थेट हाताळणं अवघड, म्हणून तीही गनसारखीच युक्ती करते. स्वतःची एक लहर तयार करते आणि आलेल्या लहरीत मिसळते. त्या घरच्या लहरीतली थोडी बाहेर झिरपते. झालं! व्हर्जिनियाच्या पोलिसांनी ही झिरपलेली लहर ऐकणारं यंत्र आणलं. मग डबीवाल्यांनी कमी झिरपणाऱ्या डब्या काढल्या. ऐकणाराही गुणगुणतोच, फक्त किती हळू एवढाच प्रश्न.

या झिरपण्याने दुसऱ्या महायुद्धातही घोळ घातला होता. १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांची विमानं रात्रीच्या अंधारात रडारने जर्मन पाणबुड्या शोधत. जर्मनांनी पाणबुडीवर मेटॉक्स नावाचं यंत्र बसवलं. त्याची अ‍ॅन्टेना म्हणजे लाकडी फुलीवर ताणलेल्या तारा. पाणबुडी पाण्यावर आली की ती फुली बाहेर काढून हाताने फिरवायची. विमानाचं रडार ऐकू आलं की पुन्हा बुडी! हे यंत्र ऐकायचं दीड मीटर लांबीच्या लहरी. १९४३ मध्ये विमानांवर दहा सेंटीमीटर लहरींची नवी रडारं आली आणि मेटॉक्सला काहीच ऐकू येईना. पाणबुड्या बेसावध सापडू लागल्या. जर्मनांना वाटलं, मेटॉक्समधून झिरपणाऱ्या लहरीच आपला ठावठिकाणा सांगतायत. म्हणून त्यांनी ती यंत्रंच बंद करायला लावली. झिरपत होतं हे खरं, पण विमानं त्याच्या मागे नव्हतीच. दोष होता लहरींच्या लांबीचा.

माणसांनी हा खेळ सुरू केला त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून तो रोज रात्री आकाशात चाललेला आहे. वटवाघळं आपल्याला न ऐकू येणारी चिरकी साद घालतात आणि प्रतिध्वनीवरून पतंग पकडतात. हे पतंग म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारे, मांजावाले नव्हे. त्यांच्यातल्या अनेकांना कान असतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात केनेथ रोडर यांनी या कानांचा अभ्यास केला. एकेका कानात ऐकण्याच्या पेशी फक्त दोन! पण तेवढ्यावर पतंगाला ३० मीटरवरचं वटवाघूळ कळतं. वटवाघळाला पतंग कळतो तो चारपाच मीटरवर आल्यावर. गणित तेच, काकांच्या डबीचं. वटवाघूळ लांब असेल तर पतंग शांतपणे दिशा बदलतो. अगदी जवळ आलं तर मात्र वेडावाकडा भिरभिरतो किंवा पंख मिटून सरळ खाली पडतो. अ‍ॅरिझोनातला बर्थोल्डिया नावाचा पतंग तर याच्याही पुढचा. तो स्वतः सेकंदाला हजारो टिकटिक करतो आणि वटवाघळाचा प्रतिध्वनीच बिघडवून टाकतो. माणसाने पोलिसांच्या रडारवर असा आवाज सोडला तर अमेरिकेत तो गुन्हा ठरतो.

यावर वटवाघळांनीही तोड काढली आहे. युरोपात बार्बास्टेल नावाचं एक वटवाघूळ आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की ते इतर वटवाघळांपेक्षा दहा ते शंभर पट हळू आवाजात साद घालतं. पतंगाला ते ऐकू येण्याआधी त्याला पतंग कळलेला असतो. त्याचं जवळजवळ सगळं पोट कानवाल्या पतंगांवरच भरतं. मग सगळीच वटवाघळं कुजबुजत का नाहीत? कारण कुजबुजीचा प्रतिध्वनी त्याहून हळू. बार्बास्टेलला लांबचं काही कळतच नाही. जे काय शोधायचं ते अगदी नाकासमोर येईपर्यंत त्याला उडत राहावं लागतं.