स्वातंत्र्याची उचल

चाकरास घरांतील सर्व कांहीं दिसतें. घराच्या इतिहासांत मात्र चाकर दिसत नाहीं. या रीतीस अपवाद ठरलेले पॉल जेनिंग्ज यांचें चरित्र आज आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेनिंग्ज १७९९ सालीं व्हर्जिनियांत जेम्स मॅडिसन यांच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले. १८०९ सालीं मॅडिसन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हां या बालकास वॉशिंग्टनला नेण्यांत आलें. पुढें ते धन्याचे खासगी सेवक झाले. सोळा वर्षें त्यांनीं धन्याची हजामत केली व १८३६ सालीं त्यांच्या मृत्युसमयीं ते जवळ होते. अमेरिकेच्या राज्यघटनेचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या मॅडिसन यांनीं मृत्युपत्रानें एकाहि गुलामास मुक्त केलें नाहीं! १८४६ सालीं त्यांच्या विधवा पत्नी डॉलीबाई यांनीं जेनिंग्ज यांस २०० डॉलरांस विकलें.

१८४७ सालीं सेनेटर डॅनियल वेब्स्टर यांनीं १२० डॉलर भरून त्यांस सोडविलें. मात्र ती रक्कम त्यांच्याच घरीं दरमहा ८ डॉलरांप्रमाणें चाकरी करून फेडावयाची होती. आमच्याकडील भाषेंत ही उचलच होय. वेब्स्टर यांच्या औदार्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु जें मुळांत आपलेंच, त्यासाठीं पंधरा महिने कां राबावें? पुढें डॉलीबाई दारिद्र्यांत पडल्या, तेव्हां याच माणसानें स्वतःच्या खिशांतून त्यांस अधूनमधून पैसे दिले. विकणारी कोण आणि देणारा कोण, हें वाचकांनींच पाहावें.

१८६५ सालीं जेनिंग्ज यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. १८१४ सालीं इंग्रज फौज राजधानीवर चालून आली, तेव्हां वॉशिंग्टन यांची तसबीर डॉलीबाईंनीं नेली, अशी ख्याति आहे. ती द्वारपाल व माळी यांनीं उतरविली, असें जेनिंग्ज यांनीं स्पष्ट लिहिलें. श्रेय कोणाचें, हें चाकरास ठाऊक असतें!

१८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला. दूरच्या अन्यायांत त्यांनीं घरचा अन्याय ओळखला. आपण तसें करतों काय? उचलीपायीं माणसास बांधून ठेवणें १९७६ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. तरी मोलकरणीची उचल दरमहा पगारांतून कापतांना तिच्या हातीं हिशेब देणारीं घरें किती? तिचा चहाचा पेला निराळा ठेवणारीं किती? ठरल्या दिवशीं पगार, आठवड्याची सुटी व लेखी हिशेब, एवढें तरी आमच्या वाचकांनीं आपल्या घरीं आजपासून सुरू करावें.