अण्णासाहेबांच्या चाली आणि मदतीचा खेळ

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या हौशी नाट्यसंस्थेला निधी उभा करायचा असला, की नाट्यगीतांच्या मैफलीचा विचार सर्वांत आधी होतो. संगीत नाटक उभे करायचे तर शालू, पागोटी, पडदे, रंगभूषा, दीर्घ तालमी आणि गाता येईल असे नट हवेत. मैफलीला ऑर्गन, तबला, चार तयार गळे आणि अभ्यासू निवेदक पुरतो. अशा मैफलीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या वाट्याला बहुधा नांदी आणि 'सौभद्रा'तली दोन पदे येतात. पुढची सगळी रात्र नंतरच्या गायकांची असते. मला वाटते, निदान या भागात तरी एक अख्खी संध्याकाळ अण्णासाहेबांच्या नावे असावी, आणि ती चाली निवडणाऱ्या, बसवणाऱ्या संगीतकाराची असावी.

अण्णासाहेबांचा, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा, जन्म ३१ मार्च १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांना भावले म्हणून. मराठी रंगभूमीची पहिली ठिणगी अशी कानडी मुलखातून आली. अण्णासाहेब शिकायला पुण्याला गेले, नाटकाच्या नादात शिक्षण मागे पडले आणि ते बेळगावला येऊन शिक्षक झाले, पुढे सरकारी नोकरीत गेले. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच बेळगावात शिकले आणि अण्णासाहेबांच्या सहवासात नाटकाकडे वळले. या एका गोष्टीसाठी तरी बेळगावकरांनी मान ताठ ठेवावी.

पुण्यात बदली झाल्यावर अण्णासाहेबांनी पारशी मंडळींचा गाण्यांनी भरलेला 'इंद्रसभा' पाहिला आणि असे आपल्या भाषेत का होऊ नये, या विचाराने कालिदासाचे 'शाकुंतल' हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. तोवरच्या नाटकांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. पात्राने काय सोसले ते तो गाऊन सांगे आणि पात्र त्यावर आपले भाषण करी. अण्णासाहेबांनी गाणे पात्राच्याच तोंडी दिले. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. हा बदल आज साधा वाटतो, पण संगीत नाटकाची पुढची सगळी इमारत त्यावर उभी आहे.

आता चालींकडे येतो, कारण खरा ऐवज तिथे आहे. संगीत नाटकाच्या जुन्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' अशी ओळ असते. हे पद कोणत्या आधीच्या गाण्यावर बेतले ते तिथे कळते. त्या ओळी एकापाठोपाठ वाचाव्यात. कीर्तनातली साकी-दिंडी, लावणी, हिंदुस्थानी चिजा, बायकांच्या ओव्या-गाण्यांचे वळण आणि त्यांच्या जोडीला कर्नाटकी चाली. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानात कानडी गाणे असणे स्वाभाविकच होते. याच मुलखात 'कृष्ण पारिजात' हा कानडी लोकनाट्याचा प्रकार रुजला आहे. रुक्मिणी-सत्यभामेचा रुसवा-फुगवा गाण्यांतून खुलवणारा तो खेळ आणि 'सौभद्रा'तला रुसवे काढणारा, हसवणारा, कारस्थानी कृष्ण यांची जवळीक मला तरी जाणवते. मैफलीत निवेदकाने मूळ चाल गाऊन दाखवावी, मग पद म्हणावे. त्यातून श्रोत्याला जे कळेल ते भाषणाने कळणार नाही. कानडी मूळ असेल तिथे कानडी गाणारा कलाकारच बोलवावा. मराठी नाटकमंडळींचे खेळ धारवाड-गदगपर्यंत इतके गाजले, की कानडी नाटककार शांतकवींनी गदगला कानडी नाटकमंडळी उभी केली. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आणि ती रंगमंचावर दिसायला हवी.

मदतीच्या खेळाची आपली परंपराही मोठी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. एकमेकांशी चुरस असलेल्या दोन मंडळींचे प्रमुख, बालगंधर्व आणि केशवराव भोसले, भामिनी आणि धैर्यधर म्हणून समोरासमोर उभे राहिले. वरच्या वर्गाचे तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेले. चाली कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. केशवरावांची 'ललितकलादर्श' १९०८ साली स्थापन झाली ती हुबळीत. या संयुक्त प्रयोगानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या रात्रीचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

आजच्या मैफलीचा हिशेब वेगळा आहे. देणगी प्रवेशिकांतून फार तर सभागृह, ध्वनी आणि वादकांचे मानधन सुटते. खरी शिल्लक स्मरणिकेतल्या जाहिरातींतून पडते. म्हणून स्मरणिका नीट करावी. त्यात जाहिरातींबरोबर पदांचे राग, चालींची मुळे आणि गावातल्या जुन्या नाट्यमंडळींचे फोटो असले, तर ती वर्षानुवर्षे घरात राहते आणि पुढच्या वर्षी जाहिरातदारही आनंदाने जागा घेतो. निधी कशासाठी हेही प्रवेशिकेवर छापावे. 'संस्थेच्या मदतीसाठी' एवढ्याने कोणी हात सैल करत नाही. ऑर्गनची दुरुस्ती, मुलांचा गायन-नाट्यवर्ग असे स्पष्ट लिहिले की करतो. साथीदारांसाठी लांब जायला नको. रामभाऊ विजापुरे यांनी बेळगावात हार्मोनियमवादकांच्या पिढ्या घडवल्या.

एका कलावंतावर आख्खी मैफल कशी विणावी, याचा धडाही इथल्याच मातीतल्या माणसाने दिला. सुळेभावीचे कुमार गंधर्व 'मला उमजलेले बालगंधर्व' घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांनी नक्कल केली नाही, त्या गायकीचा विचार मांडला. अण्णासाहेबांविषयी तसे कोणीतरी करायला हवे. त्यात 'रामराज्यवियोगा'तली, आता क्वचित ऐकू येणारी पदेही घ्यावीत. ते नाटक पुरे होण्याआधीच, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, गुर्लहोसूरला ते वारले. वय अवघे बेचाळीस.

तारखेचा प्रश्न उरतो. जयंती मार्चअखेरीस, म्हणजे परीक्षांच्या दिवसांत. पुण्यतिथी २ नोव्हेंबरला. पण १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिन असतो, त्या धामधुमीला लागून सभागृह आणि बंदोबस्त दोन्ही अवघड. १८ नोव्हेंबर मात्र मोकळी आहे. १८८२ साली त्या दिवशी 'सौभद्र' पहिल्यांदा रंगमंचावर आले. बेळगावात ती तारीख धरावी आणि त्याच आठवड्यात निपाणीत दुसरा प्रयोग लावावा, म्हणजे वादकांचा प्रवासखर्चही दोन संस्थांत वाटला जाईल.