एका रात्रींत बांधलेलीं देवळें



जऊळक्याहून शिरपुरास गेलें कीं अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जुन्या पवळी मंदिराकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणतोच, 'हें हेमाडपंती बरें का!' आमच्या वऱ्हाडांत काळ्या दगडाचें, चुन्याशिवाय रचलेलें जें जें जुनें देऊळ, तें तें हेमाडपंतांचें. लोककथा याहून पुढें जाते. पंतांनीं म्हणे लंकेत बिभीषणाची व्याधि बरी केली आणि बक्षिसादाखल मिळालेल्या राक्षसांकडून एकेका रात्रींत एकेक देऊळ उभारविलें.

हेमाद्रि हे देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचे श्रीकरणाधिप. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख मात्र शके ९८२ चा, इ. स. १०६० चा आहे. तेंहि लोकांच्या तोंडीं हेमाडपंतीच! मंत्रिपद मिळण्यापूर्वीं दोनशें वर्षें पंतांनीं देऊळ बांधलें, हें मानावयाचें तर राक्षसच हवेत.

हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ रोझलिन येथें नक्षीनें भरलेलें एक लहान प्रार्थनामंदिर आहे. टेम्पलर नांवाच्या धर्मयोद्ध्यांचें धन तेथें पुरलें आहे, फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या खुणा तेथें कोरल्या आहेत, अशी वदंता. २००३ सालीं डॅन ब्राऊनच्या कादंबरीनें ती जगभर नेली. परंतु टेम्पलरांचा संघ पोपनें १३१२ सालींच मोडला, आणि मंदिराचा पाया विल्यम सिंक्लेअर या सरदारानें १४४६ सालीं घातला. शिवाय १३०९ च्या चौकशींत सिंक्लेअर घराण्यांतील दोघांनीं टेम्पलरांविरुद्धच साक्ष दिली होती! पुढें १७३६ सालीं त्याच घराण्यांतील दुसरा एक विल्यम स्कॉटलंडच्या फ्रीमेसनांचा पहिला प्रमुख झाला. वंशजाचें पद असें पूर्वजाच्या भिंतीस चिकटलें.

एका रात्रीची ती गोष्ट मीहि वर्गांत कित्येक वर्षें रंगवून सांगत असें. एकदां एका मुलीनें विचारलें, 'गुरुजी, मग राक्षसांच्या छिन्न्यांना धार कोण लावी?' मी हंसून वेळ मारून नेली. उत्तर देवळांतच होतें. सभामंडपांत उभें राहून मान वर करावी. चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्याकोपऱ्यांतून तिरप्या शिळा टाकलेल्या असतात. त्यांवर पुन्हां तशाच. प्रत्येक थरास पोकळी लहान होत जाते आणि शेवटीं एकच शिळा तिला झांकते. दगड दगडाच्या भारानेंच जागीं राहतो. एक सांधा चुकला तर वरचा सारा थर उतरवावा लागे, आणि तें काम पाथरवटांच्या हातचें होतें.